मागे लागायचं नाही

किर्कहेवन, २ मे

प्रिय रोना,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस असं धरून चालते. न ओळखता उघडलं असशील तर आता उशीर झाला आहे; वाचच.

आधी बातमी. आपला कक्ष बंद होतोय. जूनअखेरीस ‘समता व समावेश’ ही पाटी उतरेल आणि ऑगस्टमध्ये त्याच खिळ्यांवर ‘विद्यार्थी अनुभव केंद्र’ अशी पाटी चढेल. प्राचार्यबाईंनी मला बोलावून सांगितलं, इतक्या हळू आवाजात की मला वाटलं कुणीतरी वारलंय. काम तेच राहणार आहे, म्हणाल्या, फक्त आता ते सगळ्यांनी मिळून करायचं आहे. सगळ्यांनी मिळून करायचं काम कोण करतं हे तुला ठाऊक आहे. कपबशा विसळण्याच्या बाबतीत आपण तो प्रयोग करून पाहिला होता. मला ग्रंथालयात बसवणार आहेत. संस्कृत शिकलेली बाई पुस्तकांजवळ ठेवलेली बरी, इतपत अंदाज त्यांनाही आहे.

माझी मुलाखत तूच घेतली होतीस. एडिनबरात चार वर्षं व्याकरण घोकून आलेय म्हटल्यावर तू विचारलंस, “त्याचा इथे काय उपयोग?”

मी म्हणाले, “इथे काय, कुठेच नाही.”

“मग ये,” तू म्हणालीस. “कुठेच न बसणाऱ्यांसाठीच आहे ही खोली.”

आणि काय खोली होती, बाई! एका भिंतीपलीकडे केशकर्तनाचा वर्ग, दुसऱ्या भिंतीपलीकडे आर्ची मकफीची सुतारशाळा. कुणी विद्यार्थी रडवेला होऊन काही सांगायला लागला की नेमका त्याच क्षणी आर्ची रंधायंत्र सुरू करायचा. तू त्याला सांगायला गेलीस तेव्हा तो म्हणाला होता, “मला काय कळणार, आतलं कोण कधी रडतंय? घंटा बसवा.” हाच आर्ची तुझ्या पहिल्या प्रशिक्षणात, नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहांवर तू तासभर बोलल्यावर, हात वर करून म्हणाला होता, “माझे सगळे कळूनसवरून आहेत. मी जाऊ का?”

परवा तुझे बटाटे आठवून एकटीच हसले. सगळ्यांनी एका टेबलावर बसून एकच अन्न खायचं, ही तुझी हौस. महिनाभर तू कॉलेजभर फिरून विचारत होतीस, कोण काय खात नाही. डुक्कर नको, गाय नको, हलाल हवं, मासे नको, दूध नको, गहू नको, शेंगदाणे तर त्या खोलीतही नकोत. शेवटी उरला उकडलेला बटाटा आणि मीठ. नवं पातेलं आणलंस, कारण जुन्यात कधीतरी बेकन शिजलं होतं. आणि सगळी बसली, रोना! सोमालियाच्या बायका, पोलंडचे वेल्डर, केशकर्तनाच्या मुली. मग हिशेब शिकवायला लेस्टरहून नवीन आलेले दोशी ताटाकडे बघून अतिशय अदबीनं म्हणाले, “माफ करा, आम्ही जमिनीखालचं खात नाही.” तुझा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या वर्षीपासून वाटाण्याची एक वाटी आली, आणि दोशींपेक्षा इतरांनीच ती जास्त संपवली.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी शेवटचे बटाटे उकडणार आहे. ये. मला दुसरं काही नको. तू नसलीस तर ते नुसते बटाटे होतील.

तुझी,
इशबेल


किर्कहेवन, १९ मे

प्रिय रोना,

मौन म्हणजे संमती, असं जुन्या पंडितांचं मत होतं. त्यांची तुझ्याशी गाठ पडली नव्हती.

आमच्या शास्त्रात एक न्याय आहे: खांब पक्का रोवला गेलाय की नाही हे पाहायला तो पुन्हा पुन्हा हलवायचा आणि पुन्हा पुन्हा ठोकायचा. हे दुसरं पत्र त्या न्यायाने. खांब कोण आणि हातोडी कोण ते तू ठरव.

इथे आवराआवर चाललीय. मागच्या कपाटात तू जमवलेली सणांची कागदी तोरणं आणि पताका सापडल्या. एका गोणीत दिवाळी, ईद, हनुका आणि सेंट अँड्र्यूचा दिवस असे गुंतून बसलेत की सोडवायचे तर कात्रीच हवी. आर्ची म्हणाला, “हे बघ, झाला तुमचा समावेश.” तो निवृत्त व्हायचा होता, पण नवा सुतार मास्तर मिळेना म्हणून थांबलाय. तुझं नाव निघालं. “ती परत येणार का?” म्हणाला. मी म्हटलं, विचारलंय. तर म्हणतो, “विचारून काय होतंय? जाऊन आण.”

त्याला आपला नियम काय कळणार. तूच तो पहिल्या दिवशी मला शिकवलास: वाट पाहायची, मागे लागायचं नाही. दुखावलेल्या माणसाला मोकळीक हवी असते. आपण हात पुढे करायचा, ओढायचं नाही. मला तो तेव्हा फार आवडला. अहिंसा शिकून आले होते. तिची कॉलेजातली आवृत्ती मिळाली असं वाटलं.

तू एका शुक्रवारी खुर्चीवरची लोकरी शाल उचलून गेलीस आणि सोमवारी आली नाहीस, तेव्हा मी तोच नियम तुलाच लावला. मोकळीक दिली. दर नाताळला कार्ड पाठवलं, बर्फातला लाल छातीचा पक्षी आणि खाली “शुभेच्छा, इशबेल”. बारा वर्षं समोरासमोर बसलेल्या बाईला “शुभेच्छा”! इतकं मोजून तर मी टपालखात्यालाही लिहीत नाही.

तू त्या बेटावर काय करतेस तेही मला नीट माहीत नाही. मेंढ्या? विणकाम? दोन्ही गोष्टींची तुला एके काळी चीड होती.

शुक्रवार लक्षात ठेव.

इशबेल


किर्कहेवन, २ जून

प्रिय रोना,

कार्ड मिळालं. पुढे पफिन पक्षी, मागे दोन ओळी. “ज्या टेबलावरून मी एका मुलीला उठवलं, तिथे मी बसणार नाही. बटाट्यांना नमस्कार सांग.”

बटाट्यांना सांगितला. आता माझं ऐक.

तू ते इतकं ठाम लिहिलंयस की मला वाटतं, एवढ्या वर्षांत ते तुझ्या मनात घासून घासून भलतंच गुळगुळीत झालंय. म्हणून मी पाहिलं तसं सांगते.

शीना व्हाइट. सुतारकामाचं पहिलं वर्ष, वर्गात एकटी मुलगी. आपल्याकडे यायची ती किटलीसाठी. सुतारशाळेतला चहा म्हणजे लाकडाच्या भुशाचा काढा, म्हणायची. एकदा तुझ्याजवळ बसून बोलता बोलता तिनं सांगितलं की घरचे लोक भटके, उन्हाळाभर ब्लेअरगावरीच्या शेतांवर रास्पबेरी तोडायला गाड्यांचा तळ टाकून असायचे, आता तिथेच स्थायिक झालेत. वर्गात कुणाला माहीत नव्हतं. आडनाव असं की काही कळू नये, आणि तीही कळू देत नव्हती.

मग जून आला. भटक्यांच्या इतिहासाचा महिना. तू उपाहारगृहात केवढं सुंदर प्रदर्शन लावलं होतंस! तंबूंचे जुने फोटो, कल्हईची भांडी, टोपल्या. माइक हातात, डोळ्यांत पाणी आणि आनंदाच्या भरात तू म्हणालीस, “आणि ही माणसं केवळ फोटोत नाहीत. आपली शीना बघा!” सगळ्यांच्या माना वळल्या. तिच्या ताटात खिम्याची भाजलेली पॅटी होती. ती वर न बघता जेवत राहिली. मागून कुणीतरी पोरगं भटक्यांवरची जुनी शिवी कुजबुजलं, “कल्हईवाली!” आणि दोघंतिघं हसली.

सोमवारी ती आली नाही. नंतरही नाही.

तू रडलीस, मग सावरलीस, आणि नियमाप्रमाणे केलंस. तिला मोकळीक हवी. कॉलेजातून कुणीही तिला फोन करायचा नाही, असं तू कार्यालयाला बजावून सांगितलंस. आपल्या शब्दाला तेव्हा मान होता. कुणी केला नाही. ऑगस्टमध्ये ती आली नाही, सप्टेंबरमध्ये तू गेलीस.

यात मुलीला टेबलावरून उठवणं कुठे आहे ते मला दिसत नाही. चूक आहे, ती झाकत नाही. पण ती मुलगी का आली नाही हे तुला कसं ठाऊक? तिनं सांगितलं? कुणी विचारलं? दोन शहाण्या बायका, दोघींच्या भिंतीवर पदव्या, आणि एका पोरीच्या मनात काय होतं हे आपण शेजारच्या टेबलावर बसून ठरवलं.

मी आज आर्चीला विचारलं, शीना व्हाइट कुठे असते माहीत आहे का. तो म्हणाला, “हो की. ब्लेअरगावरीला. रास्पबेरी विकते. माझी बायको तिच्याकडूनच आणते दर वर्षी.”

मी म्हटलं, “मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“तुम्ही कुठे विचारलंत? मला वाटलं, तुमचं ते काही गुपित असतं.”

शनिवारी जाते आहे. तुझी परवानगी मागत नाही.

इशबेल


किर्कहेवन, ९ जून

रोना,

बस. हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

शनिवारी गेले. डोंगराच्या उतारावर प्लास्टिकच्या लांबच लांब बोगद्यांत वेली, कडेला दोन चाकांवरची राहती गाडी आणि एक नवं घर. ती गुडघ्याएवढे बूट घालून टोपल्या रचत होती. तिशीची झाली असेल. खांदे आर्चीसारखे. मला पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

“तुम्ही त्या कॉलेजातल्या बाई. जाड पुस्तकवाल्या.”

“हो. मी इशबेल. तुला भेटायला आले.”

“मला? कॉलेज पेटलं काय?”

“नाही. आमची खोली बंद होतेय.”

“अरेरे. किटली चांगली होती.” मग हात पुसत म्हणाली, “आणि ती दुसरी? माइकवाली?”

मी सांगितलं, तू वेस्ट्रे बेटावर असतेस. त्या दिवशी जे झालं आणि शीना निघून गेली, त्याचा दोष स्वतःकडे घेऊन तू नोकरी सोडलीस.

तिनं टोपली खाली ठेवली. “माझ्यापायी? मी काय केलं?”

“तू नाही. तिनं तुझं गुपित सगळ्यांसमोर—”

“ते होय! अहो, त्या दिवशी तर मला तिचा गळाच धरावासा वाटला होता. घरी येऊन बापाला सांगितलं, तर तो म्हणतो, ‘खोटं बोलली का? नाही ना? मग जेव.’ ती हसणारी पोरं होती ना, त्यातल्या एकाला शुक्रवारीच सांगितलं, पुन्हा तोंड उघडशील तर पटाशीनं दात काढीन. त्यानं माफी मागितली. चांगला होता तसा.”

“मग आली का नाहीस?”

“रविवारी बापालाच झटका आला. डावं अंग गेलं. हंगाम तोंडावर, बोगद्यांत फळ लगडलेलं. कोण बघणार? आई रडणार की फळं तोडणार? म्हणून राहिले. दुसऱ्या वर्षाला येणारच होते की ऑगस्टात.”

मी विचारलं, “मग ऑगस्टात?”

तिनं एक फळ उचलून बघितलं आणि टाकून दिलं.

“सत्राच्या आधी कॉलेजातून सगळ्यांना फोन येतो ना, येताय ना, जागा ठेवू ना म्हणून? आमच्या वर्गातल्या क्रेगला आला. तो पोरगा वर्षभर वर्गात कमी आणि जुगाराच्या दुकानात जास्त, त्याला दोनदा! मी फोन खिशात घेऊन फिरत होते, वेलींतसुद्धा. ओल्या हातांनी उचलता यावा म्हणून फडकं बांधलेलं कमरेला. नाही आला. म्हटलं, बरोबर आहे. जोवर माहीत नव्हतं मी कोण, तोवर फोन यायचे. कळलं, आणि बंद झाले.”

रोना, मी तिथे चिखलात उभी होते.

मग मी तिला नियम सांगितला. सगळा. वाट पाहायची, मागे लागायचं नाही. म्हटलं, तुला मोकळीक हवी असेल असं समजून आम्हीच फोन बंद करवले. तुझा मान राखायला.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं आपण दोशींकडे बघितलं होतं.

“मान राखायला,” ती म्हणाली. “अहो बाई, मान राखायचा तर चहाला यायचं होतं. आमच्याकडे बाप आजारी पडला तर अख्खा डोंगर येतो. कॉलेजातून एक कुत्रं आलं नाही. मला तर ती आवडायची. म्हणून तर वाट बघितली.”

मी म्हटलं, “हे मी तिला लिहिते.”

“लिहिते कसलं? असलं कागदावर भांडतात का? समोर जाऊन भांडायचं असतं. कुठे म्हणालात, वेस्ट्रे? बोट जाते ना?”

तू आता काय करते आहेस ते मला इथून दिसतंय. हे नवं, आधीच्याहून मोठं पाप तू घडी घालून कपाटात ठेवायला घेतलंयस. ठेवू नकोस. तिला ते नको आहे. तिला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि भांडायला माणूस लागतो. पश्चात्तापाशी भांडता येत नाही.

मी तिला शेवटच्या शुक्रवारी बटाट्यांना बोलावलं. म्हणाली, “ती असली तर येईन. नसली तर मी काय तुमची पुस्तकं बघायला येऊ?”

इशबेल


किर्कवॉल, २० जून

रोना,

हे पत्र आजच्या बोटीवरच्या खलाशाच्या हाती देते आहे. तुझ्या धक्क्यावर तुला सगळे ओळखतात, म्हणाला. आज शीनाच्या गाडीला बोटीवर जागा मिळाली नाही. उद्या सकाळच्या बोटीने आम्ही दोघी येतो आहोत.

तुला कळवलं आहे, विचारलेलं नाही. हे वाक्य लिहिताना मला जरा घाम फुटला, सवय नाही.

प्रवास कसा झाला म्हणशील, तर बाई गाडी रंधायंत्रासारखी चालवते. इन्व्हर्नेसपर्यंत तिनं तुला काय काय सुनवायचं त्याची तालीम केली. सुरुवात “काय हो, माइकवाल्या बाई” इथून होते. मधे माझ्यावरही दोन परिच्छेद आहेत. नंतर तिचा जोर थोडा उतरला. पुढे समुद्र दिसायला लागल्यावर रस्त्याकडे बघतच म्हणाली, “आर्ची अजून शिकवतो का?”

“शिकवतो.”

“संध्याकाळचे वर्ग असतात का मोठ्या माणसांना?”

माझ्या तोंडून निघालं, “चौकशी करून बघ.” मग जीभ चावली आणि म्हणाले, “मी करते. सोमवारी. उत्तर द्यायला तुझ्या घरी येते.”

 पुढच्या वळणावर तिनं गाडी सावकाश घेतली.

आत्ता ती धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात रास्पबेरीच्या मुरंब्याच्या बाटल्या कागदात गुंडाळतेय. तुझ्यासाठी. मी म्हटलं, “अगं, भांडायला चाललीयस ना?” तर म्हणाली, “मग रिकाम्या हातानं जायचं?”

तुझ्या घरी खाटा किती आहेत, मेंढ्या आहेत की नाहीत, तू बारीक झालीस की जाड, मला काही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की शुक्रवारी मला माझ्या टेबलाच्या पलीकडे तू हवी आहेस, आणि तिलाही. तू “नाही” म्हणू शकतेस. पण या वेळी ते तुला माझ्या तोंडावर म्हणावं लागेल, आणि मी लगेच उठून जाणार नाही.

दार लावून आत बसून राहायचा विचार करत असशील, तर एक सांगून ठेवते. मी आर्चीकडून खात्री करून घेतली आहे. सुतारकामात दारं बिजागरीतून काढायला पहिल्या वर्षी शिकवतात आणि ती परत बसवायला दुसऱ्या. शीनाचं पहिलंच वर्ष झालेलं आहे.

तुझी,
इशबेल